मावशी कुठल्या रकान्यात बसते? (अमेरिका, ओव्हरस्टे आणि घरातलं आजारपण)

पाटीवरची पेन्सिल

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ओळख पटू नये म्हणून दोनचार तपशील बदललेत. तरी कुणाला ओळखल्यासारखं वाटलं तर कृपा करून इथं बोलू नका.

न्यू जर्सीत आमच्या पलीकडच्या घरात एक मराठी कुटुंब राहतं. मुलगा एकोणीस वर्षांचा, इथंच जन्मलेला, म्हणजे अमेरिकी नागरिक. सेरेब्रल पाल्सी आहे. बोलत नाही, चालत नाही, जेवण पोटातल्या नळीतून. २०११ मध्ये त्याच्या आईला कॅन्सर निघाला तेव्हा तिची धाकटी बहीण मदतीला आली, व्हिजिटर व्हिसावर. सहा महिने, मग एकदा मुदतवाढ. ती संपायच्या सुमारास ताई अंथरुणाला खिळली आणि दोन महिन्यांत गेली. परतीचं तिकीट आधी पुढं ढकललं, मग पुन्हा ढकललं, मग विषयच निघेनासा झाला. व्हिसा संपूनही राहणं, म्हणजे ओव्हरस्टे, त्याला पंधरा वर्षं होत आली. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. समोरचे पोर्तुगीज आजोबासुद्धा.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. मुलगा टीव्हीसमोर, मावशी ओट्यापाशी आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. मला काहीही ऐकू आलं नाही. ती एकदम पिठाच्या हातांनी धावली, त्याला डाव्या कुशीवर घेतलं, पाठीवर दोन थापट्या दिल्या, सक्शनची नळी तोंडात घातली. दहा सेकंद. मग हात धुवायला गेली. विचारलं, कसं कळलं? म्हणाली, "गिळल्याचा आवाज येतो ना त्याचा, तो आला नाही." त्याच्या निळ्या टी-शर्टवर पिठाचा पंजा तसाच होता.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमान उतरलं, १०४ जण, त्यांत तिघं महाराष्ट्रातले. त्या दिवसापासून मावशी बातम्या लावत नाही. हॉस्पिटल, शाळा, देवळं इथं शक्यतो धरपकड करायची नाही हा जुना दंडक त्याच्या आधी जानेवारीतच उठला होता. त्यामुळं यंदाच्या थंडीत मुलाला न्यूमोनिया झाला तेव्हा ती हॉस्पिटलात गेलीच नाही. वडील गेले. आणि रात्री दोन वाजता ती व्हिडिओ कॉलवर नर्सला वडिलांच्या तोंडून सांगत होती, उशी कुठं लावायची ते.

प्रश्न साधा आहे. अशा माणसासाठी कायद्यात काही आहे का? "वकिलाला विचारा" हे माहीत आहे, विचारणार आहोत. त्याआधी आपल्या लोकांत कुणी यातून गेलंय का ते बघावं म्हटलं.

खवचट पुणेकर

वडील नागरिक आहेत का? असतील तर उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. भावोजींशी लग्न. आपल्याकडं पूर्वी सर्रास होत असे, पोरं लहान असली की घरचेच लावून द्यायचे. विषय संपला.

काळा कोट

(मी वकील नाही. वकिलाच्या ऑफिसात बारा वर्षं फायली लावतेय. हा सल्ला समजू नये.)

पुणेकरांच्या लग्नाकडं नंतर येते. आधी मूळ दरवाजा.

त्याचं नाव कॅन्सलेशन ऑफ रिमूव्हल, म्हणजे हद्दपारी रद्द करून घेणं. दहा वर्षं सलग वास्तव्य, चांगली वर्तणूक, काही ठरावीक गुन्हे नकोत. आणि हद्दपारीमुळं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जवळच्या नातेवाइकाचे "अपवादात्मक आणि अत्यंत असाधारण" हाल होणार हे सिद्ध करायचं. १९९६ च्या आधी सात वर्षं पुरायची, निकषही सौम्य होता आणि स्वतः अर्जदाराचे हालसुद्धा धरायचे. त्या साली सगळं आवळलं. वर्षाला ४,००० जणांनाच मिळतं. आणि यातली खरी गोम अशी की हा अर्ज आपणहून करताच येत नाही. सरकारनं हद्दपारीची केस लावली तरच, न्यायाधीशासमोर. म्हणजे आधी विहिरीत पडायचं आणि मग दोर मागायचा.

आता "जवळचा नातेवाईक" म्हणजे कोण? नवरा-बायको, आई-बाप, मूल. बस. भाऊ नाही, बहीण नाही, नातवंडं नाहीत, भाचा तर नाहीच. मावशीची दहा वर्षं भरलीत, पोराचे हाल होणार हे आंधळ्यालाही दिसेल, पण तो तिचा "मूल" नाही.

शुश्रूषेचा विचार तिथं कुणी केलाच नाही असं मात्र नाही. २००१ च्या मॉन्रियल निकालात इमिग्रेशन अपील बोर्डानं स्वतः लिहिलंय की सर्वस्वी अवलंबून असलेले म्हातारे आईवडील किंवा फार गंभीर आजारी मूल असेल तर केस भक्कम होऊ शकते. अडतं ते नात्यावर. तो सोळा वर्षांचा व्हायच्या आत मावशीनं रीतसर दत्तक घेतला असता तर चित्र वेगळं असतं. पण बाप जिवंत, घरात, तर दत्तक कशाला द्यायचा हा विचार कुणाच्या डोक्यात येणार?

नागपुरी संत्रं

एक विचारू का, राग मानू नका. त्या पोराला घेऊन सगळे इकडंच का नाही येत जी? नागपूर-पुण्यात आता काय नाही? फिजिओ घरी येते, दोन बाया चोवीस तास ठेवल्या तरी तिकडच्या भाड्याएवढा खर्च नाही. मावशीला लपून राहायची गरज नाही. माझ्या चुलतभावाचा मुलगा असाच आहे, मस्त चाललंय त्यांचं.

काळा कोट

संत्रं, तुमचा प्रतिसाद सरकारी वकिलानं वाचला तर तो छापून फायलीला लावेल. गंमत नाही करत. २०२० च्या एका निकालात बोर्डानं म्हटलंय की आजारी नातेवाईक सोबत जाणार असेल तर त्या आजारावर तिथं पुरेसे उपचार मिळण्यासारखे नाहीत, हे अर्जदारानं दाखवायचं. होंडुरासच्या एखाद्या खेड्यातल्या बाईला ते दाखवता येईल. आपण काय दाखवणार? मुंबईत जगभरातून माणसं ऑपरेशनला येतात हे आपणच अभिमानानं सांगतो.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून. इथली तऱ्हा ऐका, बरोबर उलटी.

युरोपीय न्यायालयानं २०११ मध्ये झांब्रानो निकाल दिला. नागरिक असलेलं माणूस परक्या देशाच्या काळजीवाहकावर इतकं अवलंबून असेल की त्याला काढलं तर नागरिकालाच देश सोडावा लागेल, तर काळजीवाहकाला राहू द्या. तो निकाल लहान मुलांबद्दल होता, पण इथं मोठ्या माणसांसाठीही लोकांनी वापरून पाहिला. २०१९ मध्ये आमच्या सुप्रीम कोर्टात पटेल खटला आला. मुलगा भारतीय, आईवडील ब्रिटिश, वडिलांच्या किडन्या निकामी, सगळं करणारा मुलगाच. हरला. का? तर वडील भारतात जाणारच नाहीत, कारण उपचार इथं आहेत. जाणार नाहीत म्हणजे सक्ती नाही, सक्ती नाही म्हणजे हक्क नाही. तिकडं "भारतात उपचार मिळतात, म्हणून जा" आणि इकडं "उपचार इथं आहेत, म्हणून तो राहील, तू जा".

आणि मावशी इथंही बसत नाही. इथल्या नियमात काळजीवाहक एक तर थेट नातेवाईक हवा, त्यात आजी-आजोबा आणि भावंडं धरतात, नाही तर कायदेशीर पालक. ब्रेक्झिटनंतर ती वाटही २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या अर्जांना बंद झाली.

रांगेतला एक

सगळ्यांना पाझर फुटलाय, म्हणून मी वाईटपणा घेतो.

ग्रीन कार्डच्या रांगेत २०१४ ची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख. ईबी-२ (नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाचा एक वर्ग), भारत. बारा वर्षं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन बघतो, रांग कुठवर सरकली ते. वडील सांगलीला गेले तेव्हा पोचलो नाही. परत येताना पासपोर्टवर व्हिसाच्या स्टॅम्पिंगला अडकलो असतो तर इथली नोकरी, घर, मुलीची शाळा सगळं टांगलं असतं. शेवटचं दर्शन फोनवर घेतलं. नियम पाळला म्हणून. आणि नियम मोडून पंधरा वर्षं राहिलेल्या बाईला संरक्षण कसं मिळेल याची चर्चा आपण करतोय. तिच्याबद्दल वाईट वाटतंच. पण आईवडिलांना आणून मुलं सांभाळून घेणारे, सहा महिने झाले की परत पाठवणारे, पुन्हा सासूसासऱ्यांना बोलावणारे आम्ही हजारो लोक मूर्ख का?

दुपारचा चहा

रांगेतला, मूर्ख नाही. तुमच्यावरही अन्यायच झालाय, आणि तो मावशीनं केलेला नाही.

माझी मुलगी बारा वर्षांची, तिलाही नळी आहे. मी ग्रीन कार्डवर, म्हणून हे उघड लिहू शकते. बाहेरच्यांना वाटतं मेडिकेड (सरकारी आरोग्य योजना) मदतनिसाचे तास देतं, एजन्सी बाई पाठवते, झालं. कागदावर तास असतात. बाई येत नाही. आली तर तीन आठवडे टिकते, कारण तिला वॉलमार्टमध्ये जास्त मिळतात. गेल्या वर्षभरात आमच्याकडे सात जणी झाल्या. त्यातल्या पाच बाहेरच्या देशांतून आलेल्या, आणि सगळ्यांत चांगली होती ती हैतीची. तिचं टीपीएस (संकटातल्या देशांच्या लोकांना मिळणारी तात्पुरती राहण्याची परवानगी) धोक्यात आलं तेव्हा ती माझ्या मुलीच्या पलंगापाशी बसून रडली.

बऱ्याच राज्यांत मेडिकेड घरच्याच माणसाला या कामाचे पैसे देतं. पण वर्क परमिट लागतं. मावशी तेच काम फुकट करते आणि सरकारचे पैसे वाचवते. २०२५ च्या पाहणीत अमेरिकेत घरच्यांची शुश्रूषा करणारे ६ कोटी ३० लाख निघाले. त्यांना उठता बसता हीरो म्हणायचं, आणि त्यातल्या एखादीचा व्हिसा संपलेला असला की ती कुणीच नाही.

पाटीवरची पेन्सिल

सगळ्यांचे आभार. रांगेतला, तुमच्या वडिलांचं वाचून गप्प झाले.

पुणेकर, तुमचा उपाय मी मावशीला सांगणार नव्हते. पण मुलाच्या वडिलांना दुसऱ्या कुणीतरी तेच सुचवलं होतं आणि त्यांनी तिला विचारलंही होतं, दोन वर्षांपूर्वी. (हो, ते नागरिक आहेत.) काल ती स्वतःच बोलली. तिनं आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर म्हणाली, "दाजी, मी ताईच्या घरात राहते. ताईच्या जागेवर नाही." विषय तिथंच संपला. तिला गावाकडं एक स्थळही होतं म्हणे २०११ ला. साखरपुडा ताईचं ऑपरेशन झाल्यावर करू म्हणून थांबले होते.

काळा कोट

मग मी लग्नाबद्दल लिहिते, कारण हा धागा आणखी पुष्कळ जण वाचतील.

व्हिसा घेऊन रीतसर आत आलेल्या माणसानं नागरिकाशी खरं लग्न केलं तर ओव्हरस्टे माफ होऊन इथंच ग्रीन कार्ड मिळू शकतं. हे खरं आहे. पण फक्त कागदासाठी केलेलं लग्न हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, आणि पुढं कुठलंच पिटिशन मंजूर होत नाही, कायमचं. आपल्याकडं घरच्यांनी लावून दिलं की लग्न खरंच असतं हे मला कळतं. मुलाखतीतल्या साहेबाला ते समजावणं वेगळं. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीपासून असा अर्ज फेटाळला आणि माणसाकडे स्टेटस नसलं की हद्दपारीची नोटीस काढायचं धोरण आहे. त्याच वर्षाअखेरीस सॅन डिएगोत मुलाखतीला आलेल्या नवऱ्या-बायकांना तिथंच ताब्यात घेतलं. त्यातले कित्येक निव्वळ ओव्हरस्टेवाले. तेव्हा "करून बघू" म्हणून कुठलाही अर्ज टाकू नका. कुठलाही.

ती नाही म्हणाली तेच बरं झालं, असं माझं मत. कायद्यापुरतं.

दुसरी वाट डिफर्ड ॲक्शन. म्हणजे सरकार म्हणतं, तूर्त तुला हात लावत नाही. हक्क नव्हे, मेहेरबानी. ऑगस्ट २०१९ मध्ये गंभीर आजारी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना एकाएकी पत्रं गेली होती, ३३ दिवसांत देश सोडा. केवढा ओरडा झाला, संसदेच्या समितीसमोर सुनावणी झाली, आणि सप्टेंबरात सरकारनं माघार घेतली. त्यात ग्वाटेमालातून सात वर्षांची असताना औषधाच्या चाचणीसाठी आणलेली एक मुलगी होती. तिच्यासाठी काँग्रेसनं २०२२ च्या अखेरीस खास कायदाच केला, आणि त्यात तिच्या आईवडिलांनाही घेतलं. काळजी घेणाऱ्यांचाही विचार झाल्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण. पण एकेका माणसासाठीचे असे खासगी कायदे फार क्वचित पास होतात.

थेम्सकाठी

काळा कोट, अधिकाऱ्यांना काही सूचना नसतात का, की अशा माणसाला आधी धरू नका म्हणून?

काळा कोट

होत्या. २०११ च्या मेमोत (अधिकाऱ्यांना दिलेल्या लेखी सूचनांत) अपंग किंवा आजारी नातेवाइकाची मुख्य काळजी घेणारी व्यक्ती हा मुद्दा होता. सप्टेंबर २०२१ च्या मेमोत "कमावणारा किंवा काळजी घेणारा गमावणं" असे शब्द होते. तो २० जानेवारी २०२५ ला रद्द झाला. ताब्यात घेतलेल्या पालकांबद्दल आइसचा (धरपकड आणि हद्दपारी करणाऱ्या सरकारी खात्याचा) एक निर्देश आहे. २०२२ मध्ये त्याच्या नावातच "अल्पवयीन मुलं किंवा असमर्थ प्रौढ" असं होतं. २०२५ च्या जुलैत नवा आला, त्याच्या नावात अल्पवयीन मुलंच उरली. आपला मुलगा एकोणीसचा.

एक बरी बातमी. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं विल्किन्सन खटल्यात ठरवलं की हाल पुरेसे "असाधारण" आहेत की नाहीत, हे वरच्या कोर्टाला तपासता येतं. तिथं त्रिनिदादचा बाप होता आणि मुलाला जबर दमा. पण तिथंही बाप आणि मुलगाच.

म्हणून कामाचं तेवढं सांगते. एक, मावशी २०११ ला विमानानं, शिक्का मारून आली याचा पुरावा शोधा. जुना पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद). विनातपासणी आत आलेल्यांना सप्टेंबर २०२५ च्या बोर्ड निकालानंतर जामीन नाकारतात (त्यावर फेडरल कोर्टांत भांडणं चालू आहेत), ती त्यांत मोडत नाही हे पहिल्या तासात दाखवता आलं पाहिजे. दोन, वकील आत्ताच नेमून सही केलेला वकीलपत्राचा फॉर्म घरात ठेवा. तीन, मुलगा अठरा पूर्ण झालाय, तर वडील कोर्टातून त्याचे पालक झालेत का? आणि वडिलांना काही झालं तर पुढं कोण? चार, पासपोर्ट चालू ठेवा. वकिलातीतून नूतनीकरण होतं. "नोटरी"च्या पाट्या लावून इमिग्रेशनची कामं करणाऱ्यांकडं फिरकू नका.

खवचट पुणेकर

पासपोर्टचं पटलं. बाकी, त्या साखरपुड्याचं वाचलं. माझा पहिला प्रतिसाद संपादित करता येत नाही आता, राहू दे तो तसाच.

रांगेतला एक

माझं मत बदललेलं नाही. पण एक शंका आहे. उद्या मावशीला नेलं, किंवा ती नुसती आजारी पडली, तर त्या घरात उशी कुठं लावायची हे कुणाला माहीत आहे?

पाटीवरची पेन्सिल

आहे. वही आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, भारतातून आणलेली. ती गेलं वर्षभर त्यात लिहितेय. काल मला दाखवली. सगळं मराठीत, पेन्सिलीनं. "दूध कोमट, मनगटावर बघणे. एका हप्त्यात १२० च्या वर नाही. नंतर अर्धा तास आडवं करू नये, कितीही पेंगला तरी." "थंडीत डावा पाय आधी आखडतो. चोळताना गाणं म्हणणे. गाणं बंद केलं की पाय ताठ करतो." "फिट येण्याआधी डोळे पाणीदार दिसतात, छताच्या पंख्याकडे बघतो. पंखा बंद असला तरी."

वडिलांना मराठी नीट वाचता येतं, पण उद्या येणाऱ्या बाईला किंवा नर्सला ते इंग्रजीत लागेल. चौऱ्याण्णव पानं झालीत. मी एकटीनं करायला घेतलं आणि तिसऱ्याच पानावर अडले. "हिरमुसला की खालचा ओठ आत घेतो, तेव्हा ओरडू नये, खुर्ची खिडकीकडे वळवणे." हिरमुसला याला काय लिहू?

दुपारचा चहा

मी रोज हेच काम करते, मला दहा पानं द्या. औषधांची मापं असतील ती सगळी माझ्याकडं, ती डॉक्टरच्या कागदाशी ताडून घेते.

थेम्सकाठी

हिरमुसला: "राग नाही, रड नाही, मनातून खट्टू" एवढं सगळं लिहावं लागेल इंग्रजीत. एका शब्दात नाही होणार. मला अकरा ते तीस पाठवा, शनिवारपर्यंत करते.

नागपुरी संत्रं

माझं इंग्रजी असंतसंच आहे. पण अक्षर लागत नसेल तर टाइप करून देतो जी, रात्रीचा मोकळाच असतो.

रांगेतला एक

एकतीस ते साठ. फोटो नीट उजेडात काढा, कडेची पेन्सिल पुसट येते.